उघड्या टपाची दुसरी गाडी: जुनी झेड-फोर घ्यावी की एसएलके?

रोजच्या जाण्यायेण्याला घरात एक गाडी आहेच. आता हौसेची, दोन माणसांची, टप उघडणारी दुसरी गाडी घ्यायची असं ठरलं की जुन्या गाड्यांच्या बाजारात दोन नावं हमखास समोर येतात. एक बीएमडब्ल्यू झेड-फोर. तिची २००९ ते २०१६ या काळातली ‘ई-८९’ पिढी, आणि त्यातही ‘एसड्राइव्ह ३५ आय’. दुसरी मर्सिडीज एसएलके ३५०, म्हणजे २०११ साली आलेली ‘आर-१७२’ पिढी. पहिली रेगेन्सबर्गला बनलेली, दुसरी ब्रेमेनला. दोन्ही पूर्ण तयार होऊन जहाजाने भारतात आलेल्या. ही आयातीची बाब लक्षात ठेवा, कागदपत्रांच्या वेळी ती खिशाला लागते.

कागदावर या दोघी बहिणी वाटतात. दोघींची ताकद तंतोतंत सारखी, ३०६ अश्वशक्ती. दोघींचं इंजिन पुढे आणि जोर मागच्या चाकांना. दोघींचा टप कापडी नसून कडक पत्र्याचा, साधारण २० सेकंदांत घडी होऊन डिकीत बसणारा. शून्यावरून ताशी १०० किलोमीटर गाठायला झेड-फोरला ५.१ सेकंद लागतात, एसएलकेला ५.६. हा अर्धा सेकंद आपल्याकडच्या, म्हणजे मराठवाड्यातल्या, कुठल्याच रस्त्यावर जाणवत नाही. त्यामुळे वेग आणि ताकद बाजूला ठेवूनच निवड करावी.

खरा प्रश्न असा आहे: आठवड्यातले सहा दिवस उभी राहणारी, एप्रिल-मे महिन्यांत ४२-४३ अंश ऊन सोसणारी, काळ्या मातीची धूळ खाणारी आणि जाणकार मिस्त्रीपासून शंभर-दोनशे किलोमीटर लांब असणारी गाडी म्हणून या दोघींपैकी कोणती टिकेल? आमचं उत्तर आधीच सांगतो. दोन्ही गाड्या सारख्या स्थितीत आणि सारख्या किमतीत मिळत असतील तर एसएलके घ्यावी. झेड-फोर घ्यायची ती फक्त एका अटीवर: पुढे सांगितलेली तीन-चार महागडी कामं झाल्याची बिलं हातात हवीत, नाहीतर त्या कामांचा खर्च किमतीतून वजा व्हायला हवा. हे असं का, ते आता एकेक करून बघू.

आधी टप, मग इंजिन

बहुतेक लोक बॉनेट उघडून सुरुवात करतात. उघड्या टपाच्या गाडीत सुरुवात डिकीपासून करावी, कारण टपाचं मोठं काम निघालं तर ते इंजिनच्या कामाइतकंच महाग पडतं आणि ते करणारा माणूस सहज सापडत नाही.

हा टप कसा चालतो ते ट्रॅक्टरच्या डंपिंग ट्रॉलीवरून चटकन समजेल. ट्रॉलीत पंप तेलाला दाब देतो, दट्ट्या सरकतो आणि ट्रॉली उचलली जाते. इथेही तेच. फरक इतकाच की पंप विजेवर चालतो, दट्टे अनेक आहेत आणि प्रत्येकाने आपापल्या पाळीनेच हलायचं आहे. डिकीचं झाकण उलट्या बाजूने उघडतं, छताचे भाग एकमेकांवर बसतात, आत जातात आणि झाकण पुन्हा मिटतं. प्रत्येक पायरी पूर्ण झाल्याची खबर छोटे सेन्सर कॉम्प्युटरला देतात. एका सेन्सरने जरी खबर दिली नाही तरी टप आहे तिथेच थांबतो, कधीकधी अर्धा आकाशाकडे तोंड करून. म्हणून टप अडकला की पंप गेला असं लगेच समजू नये. निम्म्या वेळा दोष सेन्सरचा असतो, नाहीतर सांध्यात हजारदा वाकून तुटलेल्या वायरीचा.

तपासणी अशी करा. डिकीत सामानाची जागा आणि टपाची जागा वेगळी करणारा एक पडदा असतो. तो खाली ओढून खाचेत बसवल्याशिवाय दोन्ही गाड्यांत टप हलत नाही. विकणारा “टप जरा अडकतोय, पडद्याचा प्रॉब्लेम आहे” म्हणाला तर पडदा स्वतः बसवा आणि पुन्हा बघा. इंजिन चालू ठेवा, कारण बॅटरीचा दाब कमी झाला तरी टप नकार देतो. गाडी सपाट जागेवर उभी असू द्या. आता टप लागोपाठ तीनदा उघडा-मिटा. दोन्ही बाजू सारख्या वेगाने सरकतात का बघा. एक बाजू मागे राहत असेल, टप तिरका बसत असेल किंवा वेळ ३० सेकंदांच्या पुढे जात असेल तर तेल कमी आहे, नाहीतर दट्ट्याची सील गळते आहे. मग डिकीचा गालिचा उचला आणि कोपऱ्यांत पांढरा कागद टेकवा. कागदावर तेलाचा डाग उमटला की गळती पक्की.

पुढची परीक्षा पाण्याची. पावसाळा नाही म्हणून ती सोडू नका. साध्या नळीने, दाब न देता, आधी दाराच्या काचेखाली, मग काचेच्या कडेला आणि शेवटी छताच्या सांध्यावर असं खालून वर दहा मिनिटं पाणी सोडा. एकदम वरून पाणी ओतलं तर ते नेमकं कुठून शिरलं हे कळत नाही. नंतर सीटखालच्या गालिच्यात बोटं खुपसून बघा, डिकीच्या तळाशी हात फिरवा. ओल लागली तर बहुतेक वेळा दोन कारणं असतात: वाळलेली रबरं किंवा तुंबलेल्या निचऱ्याच्या नळ्या.

या दोन्ही गोष्टी मराठवाड्यात लवकर बिघडतात. कोरड्या उन्हात रबर ताठरतं, त्याला बारीक भेगा पडतात. आणि काळी माती ही फार चिवट वस्तू आहे. उन्हाळ्यात तिची पिठासारखी धूळ टपाच्या पन्हाळीत जमते, मृगाच्या पहिल्या सरीत तिचा गाळ होतो आणि निचऱ्याची नळी सिमेंटने बुजवावी तशी बुजते. मग पाणी उलटं फिरून गाडीत येतं, आणि या गाड्यांमध्ये गालिच्याखाली, डिकीच्या कडांना वायरिंग आणि कंट्रोल युनिटं असतात. पाण्याची तक्रार म्हणून सुरू झालेली गोष्ट विजेच्या तक्रारींवर जाऊन थांबते. हे टाळायला वर्षातून दोनदा, मे महिन्याच्या शेवटी आणि दसऱ्याच्या आसपास, गवत कापायच्या यंत्राची नायलॉनची जाड दोरी त्या नळ्यांतून हळूच फिरवावी आणि वरून तांब्याभर पाणी सोडून ते चाकामागून खाली पडतंय ना हे बघावं. कॉम्प्रेसरची हवा मारू नये. नळी आतल्या आत सांध्यातून निसटते आणि मग सगळं पाणी गाडीतच उतरतं.

रबरांना महिन्यातून एकदा ओल्या फडक्याने पुसून रबरासाठीचं सिलिकॉन ग्रीस बोटाने पातळ लावा. रॉकेल, डिझेल, गंज सोडवायचा स्प्रे यांपैकी काहीही लावू नका, रबर फुगतं. रबर नीट दाबतंय की नाही हे कागदाच्या पट्टीने कळतं. पट्टी काचेच्या कडेवर धरून दार लावा, काच वर असू द्या आणि पट्टी ओढा. ती ओढताना अडली पाहिजे. सहज सरकली तर त्या जागेतून पाणी आणि वाऱ्याची शिट्टी दोन्ही येणार.

टपाच्या बाबतीत दोन्ही गाड्यांत फार डावं-उजवं नाही. एसएलकेच्या छताचा सांगाडा मॅग्नेशियमचा आहे, झेड-फोरच्या छताचा पत्रा ॲल्युमिनियमचा. टप आत घेतल्यावर डिकीत एसएलकेमध्ये २२५ लिटर जागा उरते, झेड-फोरमध्ये १८०. टप मिटलेला असताना हेच आकडे ३३५ आणि ३१०. तुळजापूरला दोघांनी एक मुक्काम करायचा तर दोन्हींत भागतं.

झेड-फोरचं इंजिन: बळ भरपूर, मागण्याही भरपूर

झेड-फोर ३५ आय मध्ये ३ लिटरचं, सहा सिलिंडरचं, दोन टर्बोचं ‘एन-५४’ इंजिन आहे. टर्बो म्हणजे सायलेन्सरकडे निघालेल्या गरम धुरावर फिरणारा पंखा. तो इंजिनमध्ये जादा हवा कोंबतो. त्यामुळे ४०० न्यूटनमीटरचा जोर इंजिनच्या मिनिटाला अवघ्या १,३०० फेऱ्यांपासून मिळतो. म्हैसमाळच्या चढणीला गिअर न बदलता गाडी सुसाट वर जाते. चालवायला हे इंजिन फार सुंदर आहे, यात शंकाच नाही.

पण टर्बो म्हणजे उष्णता, आणि आपल्याकडे बाहेरच ४३ अंश. हे इंजिन थंड ठेवणारा पाण्याचा पंप पट्ट्यावर चालत नाही, विजेवर चालतो. साधा पंप जाण्याआधी गळतो, आवाज करतो, सावध करतो. विजेचा पंप मात्र अचानक बंद पडतो. साधारण ८० हजार ते १ लाख किलोमीटरच्या आसपास तो जातो, आणि तो गेल्यावर गाडी पुढे रेटली तर सिलिंडर हेड वाकण्याची भीती असते. पाचोडजवळ दुपारी दोन वाजता हे झालं तर सावलीत थांबून फ्लॅटबेड मागवणं हाच उपाय. म्हणून पंप आणि थर्मोस्टॅट (रेडिएटरकडे पाणी कधी सोडायचं ते ठरवणारी झडप) दोन्ही एकत्र बदलल्याचं बिल मागा. बिल नसेल तर ते काम तुमच्या खर्चात धरा आणि किमतीतून वजा करा.

दुसरं दुखणं पेट्रोलचं. यात पेट्रोल प्रचंड दाबाने थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं. त्यासाठी एक उच्च दाबाचा पंप आणि सहा नाजूक इंजेक्टर आहेत. पंप थकला की सेल्फ मारल्यावर इंजिन चटकन न पकडता तीन-चार सेकंद घेतं, आणि जोरात पाय दाबला की ताकद कमी झाल्याची सूचना पडद्यावर येते. इंजेक्टर बिघडला की उभ्या गाडीत इंजिन थरथरतं आणि मागून कच्च्या पेट्रोलचा वास येतो. या इंजेक्टरच्या सुधारित आवृत्त्या नंतर आल्या. कोणते बसवलेत ते बिलावरच्या पार्ट नंबरवरून कळतं.

आणखी तीन गोष्टी कानाने आणि डोळ्याने तपासता येतात. ॲक्सिलरेटर सोडल्यावर पत्र्याचा डबा खडखडल्यासारखा आवाज आला तर टर्बोची वेस्टगेट, म्हणजे जादा धूर टर्बोला वळसा घालून सोडणारी झडप, झिजलेली आहे. ऑइल फिल्टरच्या बैठकीखाली आणि व्हॉल्व्ह कव्हरच्या कडेला ओलसर काळपट तेल दिसलं तर गॅस्केट गेलेली आहेत. ती स्वस्त असतात, मजुरी मात्र महाग. आणि पेट्रोल थेट आत जात असल्याने इनटेक व्हॉल्व्ह पेट्रोलने धुतले जात नाहीत, त्यांच्यावर काजळी चढते. अक्रोडाच्या टरफलाचा भुगा हवेच्या दाबाने मारून ती काढतात. हे काम कुठल्याही गॅरेजात होत नाही. आधी विचारून घ्या.

इंजिन ऑइल ६.५ लिटर लागतं, ते बीएमडब्ल्यूच्या ‘एलएल-०१’ मान्यतेचंच हवं. तेल मोजायची पट्टी यात नाहीच, पातळी पडद्यावर दिसते आणि तीही इंजिन तापल्यावर. कंपनीचा बदलाचा अंतराल फार लांब आहे. उन्हाळा बघता वर्षातून एकदा किंवा ८ हजार किलोमीटरला, जे आधी येईल तेव्हा तेल बदला. समृद्धी महामार्गावर बराच वेळ वेगाने आल्यावर गाडी थांबवली की लगेच किल्ली काढू नका. दीड-दोन मिनिटं तसंच चालू ठेवा, म्हणजे टर्बोतलं तेल जळून घट्ट होत नाही.

रेडिएटर आणि इंटरकूलर (टर्बोकडून आलेली तापलेली हवा गार करणारा भाग) यांच्या जाळ्याही बघा. दिवाळीनंतर जालना, परभणी, बीड भागात कापसाच्या गाड्या रस्त्यावर असतात. उडालेला कापूस आणि किडे या जाळ्यांत अडकून नमदा तयार होतो. पाण्याच्या मंद धारेने, आतून बाहेरच्या दिशेने धुवा. प्रेशर वॉशरने पात्या आडव्या पडतात.

एसएलकेचं इंजिन: एक आवाज ओळखा

एसएलके ३५० मध्ये साडेतीन लिटरचं, व्ही आकाराचं सहा सिलिंडरचं ‘एम-२७६’ इंजिन आहे. टर्बो नाही. जोर ३७० न्यूटनमीटर, तोही ३,५०० फेऱ्यांच्या पुढे, त्यामुळे खालच्या फेऱ्यांत ते झेड-फोरइतकं धावून येत नाही. पण टर्बो नाही म्हणजे त्याच्या तेलाच्या नळ्या, वेस्टगेट, इंटरकूलर यांतलं काहीच नाही. जे बसवलेलंच नाही ते बिघडणार कसं? आमचा कल एसएलकेकडे असण्याचं मुख्य कारण हेच आहे.

या इंजिनचा एकच दोष फार महत्त्वाचा आहे आणि तो उभ्या राहणाऱ्या गाडीतच जास्त दिसतो. इंजिनचे व्हॉल्व्ह वेळेवर उघडावेत म्हणून फिरणारी साखळी म्हणजे टायमिंग चेन. ती ताणून धरणारे टेन्शनर तेलाच्या दाबावर काम करतात. गाडी आठवडाभर उभी राहिली की त्यांच्यातलं तेल खाली उतरतं. मग पहिल्यांदा सेल्फ मारल्यावर दोन-तीन सेकंद, डब्यात खिळे हलवावेत तसा खळखळाट येतो. सुरुवातीच्या वर्षांतल्या इंजिनांत हे जास्त आढळतं. सुधारित टेन्शनर आणि तेल खाली उतरू न देणारे छोटे व्हॉल्व्ह बसवले की आवाज जातो. वर्षानुवर्षं दुर्लक्ष केलं तर चेन आणि कॅमशाफ्टचे (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यांचे) ॲडजस्टर झिजतात, आणि मग काम फार मोठं होतं.

हा आवाज इंजिन गार असतानाच कळतो. म्हणून गाडी बघायला जाण्याआधी सांगून ठेवा की आम्ही येईपर्यंत ती सुरू करू नका. पोचल्यावर नमस्कार-चमत्कार करता करता बॉनेटवर हात ठेवा. ते कोमट लागलं तर चहा घ्या, गप्पा मारा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा या. एका मुक्कामाचा खर्च झाला तरी चालेल.

इंजिनच्या पुढच्या बाजूला कॅमशाफ्टचे विद्युतचुंबक असतात. त्यांचे प्लग काढून आत तेल आहे का पाहा. इथून झिरपलेलं तेल दिव्याच्या वातीत चढावं तसं वायरीतून पुढे सरकत जातं. या इंजिनलाही साधारण ६.५ लिटर तेल लागतं, मान्यता ‘एमबी २२९.५’. पेट्रोल थेट आत फवारणारं असल्याने काजळीचा मुद्दा इथेही आहे.

गिअरबॉक्स आणि वरात

झेड-फोर ३५ आय मध्ये सात गिअरचा दोन क्लचांचा गिअरबॉक्स येतो. एक क्लच चालू गिअर धरून असतो, दुसरा पुढचा गिअर तयार ठेवतो, त्यामुळे बदल क्षणात होतो. एसएलकेमध्ये सात गिअरचा जुन्या पठडीतला ऑटोमॅटिक आहे. त्यात क्लचऐवजी तेलात समोरासमोर फिरणारे दोन पंखे असतात. एक फिरला की तेलाच्या झोताने दुसरा फिरतो.

हा फरक आपल्याकडे एका ठिकाणी ठळकपणे समोर येतो. उघड्या टपाची गाडी घरात आली की भाच्या-पुतण्यांच्या वरातीसाठी मागणी येणारच, आणि तिला नाही म्हणणं जड जातं. वरातीत गाडी दोन-दोन तास माणसाच्या चालीने सरकते. दोन क्लचांच्या गिअरबॉक्समध्ये क्लच तेवढा वेळ अर्धवट धरून घासत राहतो आणि तापतो. पंख्यांच्या गिअरबॉक्सला हे सोसतं. झेड-फोर न्यायचीच असेल तर सतत सरकवत ठेवू नका. थांबा, पुढे पंधरा-वीस फूट मोकळी जागा झाली की एकदम पुढे घ्या, पुन्हा थांबा. आणि कोणत्याही गाडीत नवरदेवाला मागच्या झाकणावर बसवू नका. त्याच्याखाली टपाची घडी असते. झाकण दबलं की टप अडकलाच.

चालवून बघताना झेड-फोर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये हिसका देते का आणि हळू वेगात थरथरते का ते पाहा. एसएलकेमध्ये गिअरबॉक्सचं तेल ६०-८० हजारांच्या दरम्यान बदललंय का विचारा. या गिअरबॉक्सचं तेल निळ्या रंगाचं, ‘२३६.१५’ मान्यतेचं असतं. आधीच्या लाल तेलाशी ते मिसळायचं नाही. स्थानिक गॅरेजमध्ये “तेल ते तेल” म्हणून लाल तेल ओतलेलं असू शकतं.

टायर, खड्डे आणि स्पीडब्रेकर

टायरच्या कडेला चार आकडे असतात. ३२१९ म्हणजे २०१९ सालचा ३२ वा आठवडा. सहा वर्षांपेक्षा जुना टायर नक्षी नवीकोरी दिसली तरी बदला. कमी धावलेल्या हौशी गाड्यांत नेमकी हीच फसगत होते. समृद्धीच्या सिमेंटवर ताशी १२० च्या वेगाने दीड-दोन तास, वरून ऊन आणि आत हवा कमी, अशा वेळी जुना टायर फुटतो. हवा टायर थंड असताना, निघण्याआधी, दारावर लिहिलेल्या दाबाइतकी भरा.

१८ इंची चाकं असतील तर पुढे दोन्ही गाड्यांना २२५/४० चे टायर लागतात, मागे झेड-फोरला २५५/३५ आणि एसएलकेला २४५/३५. पुढचे-मागचे वेगळे असल्याने अदलाबदल करता येत नाही. हे माप तालुक्याच्या ठिकाणी मिळत नाही, मागवावं लागतं. स्टेपनी दोघींतही नाही. झेड-फोरला रनफ्लॅट टायर असतात. हवा गेली तरी साधारण ८० किलोमीटर, ताशी ८० च्या आत चालवता येते. पण त्यांच्या कडा कडक असल्याने खड्डा थेट कमरेला लागतो, आणि हातोडी-पान्याच्या पंक्चरवाल्याकडून ते निघत नाहीत. मशीनवालाच शोधावा लागतो. डिकीत पंक्चर किट आणि छोटा कॉम्प्रेसर दोन्ही गाड्यांत ठेवा.

दोन्ही गाड्या जमिनीलगत आहेत. गावातल्या स्पीडब्रेकरवर तिरकं जा, एका वेळी एकच चाक चढू द्या. बघायला गेलेल्या गाडीच्या पुढच्या बंपरखालचं प्लास्टिक हाताने चाचपा. ते फाटलेलं, तारेने बांधलेलं असेल तर गाडी खाली घासलेली आहे. मग लिफ्टवर घेऊन ऑइल संप, म्हणजे इंजिनखालची तेलाची टाकी, बघितल्याशिवाय पुढे बोलू नका. आणि साखर कारखाने सुरू असताना रात्री उसाच्या ट्रॉल्यांच्या मागून ओव्हरटेक करताना लक्षात ठेवा, तुम्ही इतके खाली बसलेले असता की पुढचं दिसत नाही आणि समोरच्यालाही तुम्ही दिसत नाही.

गाडी कुठून आली

या गाड्या बहुधा पुणे, मुंबई, हैदराबाद किंवा दिल्लीहून येतात. रंगाची जाडी मोजायचं यंत्र न्या. कंपनीचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन असतो, २०० च्या बराच वर गेला तर पुन्हा रंगवलेलं आहे. मात्र दोघींचं बॉनेट ॲल्युमिनियमचं आहे, त्यामुळे ॲल्युमिनियमवरही मोजणारं यंत्र हवं. लोहचुंबक लावून बघण्याची युक्ती इथे फसते. पुरात बुडालेली गाडी ओळखायला सीटबेल्ट पूर्ण शेवटपर्यंत ओढा, मुळाशी गाळाची रेघ दिसते. सीटखालच्या रुळांवरचा गंजही तेच सांगतो.

साध्या स्कॅनरने भागत नाही. बीएमडब्ल्यूला ‘इस्टा’ आणि मर्सिडीजला ‘झेंट्री’ ही त्यांची स्वतःची प्रणाली जोडून सगळ्या कंट्रोल युनिटांतल्या नोंदी छापून घ्या. किलोमीटरची नोंद एकाहून अधिक ठिकाणी असते. मीटर मागे फिरवलेलं असेल तर आकडे जुळत नाहीत. छत्रपती संभाजीनगरमध्ये २०१० साली लोकांनी एकत्र येऊन एकाच खेपेत १५० मर्सिडीज घेतल्या होत्या, त्यामुळे त्या नावाला हात लावायला इथले मिस्त्री बिचकत नाहीत. तरीही चार दारांच्या गाडीचा मिस्त्री वेगळा आणि घडीच्या टपाचा वेगळा. त्याने टप स्वतः खोलून बसवला आहे का, हे थेट विचारा.

पासिंग आणि पैसा

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची. त्यानंतर तपासणी करून दर पाच वर्षांनी नूतनीकरण. १ एप्रिल २०२२ पासून यासाठी साध्या कारला ५,००० रुपये आणि आयात केलेल्या कारला ४०,००० रुपये शुल्क आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये २० वर्षांपुढच्या गाड्यांसाठी हे आकडे १०,००० आणि ८०,००० केले गेले. शिवाय पर्यावरण कर वेगळा. २०१० ची झेड-फोर या उंबरठ्यावरून पुढे गेली आहे. २०१२ ची एसएलके २०२७ मध्ये तिथे पोचेल. म्हणून मॉडेलचं साल नव्हे, आरसीवरची नोंदणीची तारीख आणि ‘वैध’ कुठपर्यंत ते वाचा.

एमएच पासिंगची गाडी असेल तर मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर काम होतं. परराज्यातली असेल तर फॉर्म २८ ची एनओसी (तिथल्या आरटीओचं ना-हरकत प्रमाणपत्र) लागते आणि महाराष्ट्राचा एकरकमी कर गाडीच्या वयानुसार भरावा लागतो. आयात गाडीला त्याचा दर जास्त आहे. दिल्लीची गाडी लाखभराने स्वस्त दिसते, ती इथे येईपर्यंत स्वस्त राहत नाही. कर्जाचा बोजा असेल तर बँकेचं पत्र आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. विमा १४ दिवसांत आपल्या नावावर करून घ्या. इतक्या जुन्या गाडीची विमा किंमत परस्पर संमतीने ठरते, ती मुद्दाम कमी धरू देऊ नका. गाडी चोरीला गेली तर फरक कळेल.

खरेदीच्या किमतीच्या पाव हिश्श्याइतकी रक्कम पहिल्या वर्षाच्या कामांसाठी वेगळी काढून ठेवा. ती नसेल तर एक पायरी स्वस्त गाडी बघा, पण ही रक्कम गाडीत घालू नका.

उभी असताना

दुसरी गाडी धावण्यापेक्षा उभी राहून जास्त खराब होते. आठवड्यातून एकदा पाच मिनिटं इंजिन चालू करून बंद करणं हे न करण्यापेक्षा वाईट, कारण तेलात ओल आणि कच्चं पेट्रोल साठतं. त्यापेक्षा दहा-पंधरा दिवसांनी एकदा, सकाळी सहा ते साडेआठच्या आत, दौलताबाद-खुलताबादपर्यंत २५-३० किलोमीटर फिरवून आणा, आणि त्यातच टप एकदा उघडा-मिटा. बॅटरीला तिची पातळी राखणारा चार्जर लावून ठेवा. वळवाच्या विजा कडाडायला लागल्या की तो काढा. झेड-फोरमध्ये नवी बॅटरी टाकली तर गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये तिची नोंद करावी लागते, नाहीतर ती लवकर मरते.

दोन्ही इंजिनांना ९५ ऑक्टेनचं पेट्रोल द्या. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असतं आणि ते हवेतली ओल ओढतं. अर्धी रिकामी टाकी पावसाळाभर ठेवली तर टाकीत पाणी साचू शकतं. म्हणून उभी करताना टाकी भरून ठेवा. धुवायला बोअरचं पाणी वापरत असाल तर ते अंगावर वाळू देऊ नका, क्षारांचे पांढरे ठिपके रंगात बसतात. सावलीत धुवा आणि लगेच पुसा. झाकायला सुती आवरण घ्या, प्लॅस्टिकची ताडपत्री नको.

आणि गाडी शेतातल्या घरी, धान्याच्या पोत्यांच्या शेजारी उभी राहणार असेल तर उंदरांचा बंदोबस्त आधी करा. दर आठवड्याला बॉनेट उघडून इंजिनवरच्या आवरणाखाली बघा. शेंगांची टरफलं, चिंध्या किंवा लेंड्या दिसल्या की त्याच दिवशी जागा बदला. टपाच्या वायरींचा एक जुडगा कुरतडला गेला तर तो जर्मनीहून येईपर्यंत गाडी टप मिटलेल्या अवस्थेतच फिरवावी लागते.